दार लावायचं, एवढंच

"दार लावायचं, एवढंच," वैदेही मॅडम म्हणाल्या. "तुमची पूर्वी कामावरून घरी आली की तासभर. टीव्ही नको, गप्पा नकोत, कुणी डोकवायला नको. खोलीचं दार लावून तिला एकटीला राहू द्यायचं. जमेल ना, काका?"

दौलत परबने मान डोलावली. डॉक्टरमंडळींसमोर त्याची मान आपोआप डोलायची. परळच्या हॉस्पिटलात उभी हयात वॉर्डबॉय म्हणून काढल्यावर मानेला दुसरं वळणच राहिलं नव्हतं. वैदेही मॅडम गोळ्या-औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, त्या मानसशास्त्राच्या, हे त्याच्या पोरीने, पूर्वीने, त्याला कितीदा तरी समजावलं होतं. पण समोर टेबल, भिंतीवर सर्टिफिकेटं आणि बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं असली, की दौलतच्या लेखी ते सगळे डॉक्टरच.

"त्याने मान हलवली म्हणजे त्याला ऐकू आलं," शेजारून पूर्वी म्हणाली. "लावेल असं नाही."

"पूर्वी, असं बोलतात काय गं?" दौलत ओशाळून हसला.

"मग कसं बोलतात?" पूर्वीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पूर्वी सव्वीस वर्षांची. परळमधल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बसून रिपोर्ट टाइप करायची. शाळेतल्या बाईंच्या मते ती हुशार पण तऱ्हेवाईक, चाळीच्या मते शिष्ट, आणि आई होती तोवर आईची 'येडी बाय'. आईला जाऊन आता सात वर्षं झाली. वैदेही मॅडमनी चार-पाच भेटींनंतर त्या सगळ्या नावांच्या जागी एकच नाव सांगितलं होतं, ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, असंही त्या म्हणाल्या. दौलतला तो शब्द बरा वाटला. देवळात ऐकल्यासारखा. पूर्वीला मात्र तो साफ नापसंत होता.

"स्वमग्न म्हणजे स्वतःत मग्न," ती म्हणाली होती. "मला तर सगळं ऐकू येतं. मागच्या बिल्डिंगमधला मिक्सर, खालच्या टेलरची मशीन, दोन खोल्या सोडून कोण काय बोलतंय ते. मी स्वतःत मग्न असते तर प्रॉब्लेमच नव्हता."

वैदेही मॅडम त्यावर म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं." डॉक्टर पेशंटला बरोबर आहे म्हणतो हे दौलतने प्रथमच पाहिलं.

या मॅडमकडे दादरला यायचं कारण होतं संडास, आणि ते कुणाला सांगावं असं नव्हतं. करी रोडच्या मोरेश्वर चाळीत प्रत्येक मजल्यावर एक लांब गॅलरी, गॅलरीवर खोल्या आणि टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. लॅबमधून आली की पूर्वी पर्स कोनाड्यात ठेवायची आणि थेट टोकाच्या संडासात जाऊन कडी लावायची. जायचं असायचं म्हणून नव्हे. उलटी बालदी टाकून नुसती बसायची. मजल्यावर आतून कडी लावली तर कुणी कारण विचारत नाही, अशी ती एकच जागा. बाहेर बायका बालद्या घेऊन ताटकळायच्या. आधी कुजबुज झाली, मग टोमणे, मग दौलतला तोंडावर सांगणं. दौलत प्रत्येकीला "पोट बरं नसतं हो तिचं" म्हणून वेळ मारून न्यायचा.

मग एका रविवारी खाली मंडळाच्या पोरांनी ढोलाची तालीम धरली आणि पूर्वी आत गेली ती बाहेरच येईना. दौलतने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. त्यानंतर दौलतचं जे झालं ते सगळ्या मजल्याने पाहिलं. प्रेतं स्ट्रेचरवर घालून शवागारात पोचवताना ज्याचा चेहरा कधी हलला नव्हता, तो माणूस दोन्ही मुठींनी दार बडवायला लागला. लाथा घालून घालून त्याने कडी उखडली. आत पूर्वी कानांवर हात ठेवून बालदीवर बसली होती. एकदम धडधाकट. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, माझं अजून झालं नाही."

त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही. मजल्याने निष्कर्ष काढून टाकला की पोरीवर काहीतरी परिणाम झालाय. दौलतच्या वॉर्डातल्या सिस्टरने कानात दादरचा पत्ता सांगितला.

खरं तर त्याच्या हॉस्पिटलातही मानसोपचाराचा विभाग होता. मोरेश्वर चाळीतल्या कितीतरी जणांना दौलतनेच बोट धरून तिथे, आणि बाकी सगळ्या ओपीडींना नेलं होतं. केस पेपर काढून द्यायचा, लाइन चुकवून आत घुसवायचं, एक्सरेची फिल्म आणून द्यायची, हे सगळं हॉस्पिटलातले मामा करायचे, आणि मामा म्हणजे दौलत. म्हणूनच पूर्वीला तिथे नेणं शक्य नव्हतं. त्या कॉरिडॉरमधून दिवसभरात अर्धं लालबाग ये-जा करतं. चाळीत त्याने ठोकून दिलं होतं की पूर्वी दर शनिवारी दादरला टॅलीच्या क्लासला जाते. दादर म्हटलं की क्लास, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. उलट दोन घरांनी फी किती म्हणून विचारलं आणि दौलतची पळता भुई थोडी झाली.

आता हे दार.

मोरेश्वर चाळीत दिवसा दार लावत नाहीत. सकाळी दूध आलं की दार उघडतं, ते रात्री अंथरुणं पडली की मिटतं. गावी गेलात तर कुलूप घाला, कुलूप सगळ्यांना कळतं. पण माणूस घरात असून आतून कडी? एक तर नवराबायकोचं वाजलंय, नाहीतर आडवारी मटण आणलंय आणि वाटी द्यायची नाही. दोन्हीची चौकशी करायला मजला तत्पर असे. आणखी एक कारण होतं. ते कुणी बोलून दाखवत नसे, आणि दौलतसमोर तर नाहीच.

त्या शनिवारी घरी परतताना दौलतने लालबागच्या बाजारातून जाड, गडद निळा पडदा घेतला. दारावर दोरी ताणून लावलासुद्धा. पूर्वीने तो पाहिला, कापड बोटांत चुरगळून बघितलं.

"हा पडदा आहे," ती म्हणाली.

"हो ना. मस्त जाड आहे. आतलं काय दिसत नाय."

"आतलं दिसतं म्हणून मला त्रास नाही होत, बाबा. बाहेरचं ऐकू येतं म्हणून होतो."

"बघ तरी चार दिवस."

पूर्वीने चार दिवस बघितलं, कारण तो चार दिवस म्हणाला होता. भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर उशी दाबून ती पडायची. पडद्यातून शेजारच्या शेवंतीकाकीच्या मालिकेतली सून रडायची, चार घरचे कुकर शिट्ट्या द्यायचे, आणि अधूनमधून एक बोट पडद्याची कड उचलायचं. बोटामागून शेवंतीकाकीचा आवाज. "चेडू निजला काय रे, दौलत?" काकीचा जीव होता पोरीवर. पण तिचा जीवही मोठ्या आवाजातला होता.

पाचव्या दिवशी पूर्वी पुन्हा संडासाकडे गेली. आता तिथे दुरुस्त केलेली कडी होती आणि बाहेर ताटकळणाऱ्या बायकांच्या जिभेला धार आली होती. त्या रात्री दौलतने ठरवलं, उद्या दार लावायचंच. दुसऱ्या दिवशी पूर्वी आली, कोनाड्यात पर्स ठेवली, आणि त्याने खरोखर दार लोटून कडी सरकवली. तो आतच उभा होता, हात कडीवर. खोलीत अंधारून आलं. पूर्वी पलंगावर बसून त्याच्याकडे बघत होती. दौलतला घाम फुटला. कानात वारं भरल्यासारखं झालं, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्याने कडी काढून दार सताड उघडलं होतं. गॅलरीतल्या उजेडात येऊन तो कठड्याला धरून उभा राहिला.

"बाबा," आतून पूर्वी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. "मी लॅब सोडणार आहे."

"काय?"

"काल मी मॅनेजरवर ओरडले. तिथे दिवसभर आवाज, इथे संध्याकाळभर आवाज. दोन्ही जमत नाही. एक जागा सोडायला लागेल. घर सोडता येत नाही."

लॅबमधलं ते टेबल पोरीने स्वतःचं स्वतः मिळवलं होतं. इंटरव्ह्यूला जाताना आरशासमोर उभं राहून तिने 'गुड मॉर्निंग'ची तालीम केली होती. तिथल्या रिपोर्टांच्या गोष्टी ती जेवताना सांगायची, त्याला कळो न कळो, आणि तेवढा अर्धा तास त्या घरात कुणीतरी आनंदात आहे असं वाटायचं. ते गेलं तर ती चोवीस तास या खोलीत, या पडद्याआड असणार होती. आणि कशामुळे, तर बापाला एक कडी लावता येत नाही म्हणून.

शनिवारी मॅडमनी विचारलं, "काका, दार लावताय ना?"

"लावतो की," दौलत म्हणाला. मान डोललीच.

"पडदा लावतो," पूर्वी म्हणाली. "दार एकदा लावलं. मग लगेच उघडलं. त्याला घाम आला."

दौलतला वाटलं जमीन दुभंगावी. आयुष्यभर त्याने या पोरीला एक गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला होता, की चारचौघांत थोडं झाकून बोलायचं. तेवढी मात्र ती शिकली नाही.

वैदेही मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर दौलतला सोपं गेलं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दार लागलं की तुम्हाला काय होतं, काका?"

"मला? मला काय व्हायचंय. आमच्या चाळीत पद्धत नाय हो मॅडम तशी. लोक काय म्हणतील. तुमच्याकडे कसं, ब्लॉक असतो. बेल वाजवल्याशिवाय कोण येत नाय. आमच्याकडे दार लावलं की अख्खा मजला येऊन उभा राहतो, काय झालं, काय झालं."

"शेवंतीआजीचं दार दुपारी आतून लावलेलं असतं," पूर्वी म्हणाली. "ती पोथी वाचते तेव्हा. कुणी येत नाही. बाबा तिच्या दारावरून जातो, त्याला काही होत नाही. आमच्याच दाराला होतं."

खोलीतला पंखा फिरत होता. बाहेर बाकावर कुणीतरी लहान पोराला हळू आवाजात समजावत होतं. दौलतने खिशातून रुमाल काढला, पण पुसलं काहीच नाही. नुसता घड्या घालत बसला. पोरीच्या डोळ्यांतून एवढंसुद्धा सुटत नाही, आणि आपण समजत होतो की तिला माणसं कळत नाहीत.

"माझे वडील," तो म्हणाला, आणि थांबला. "मॅडम, हे असलं इथे बोलायचं असतं काय?"

"इथेच बोलायचं असतं."

"माझे वडील, कोंडीराम. मिलमध्ये होते. संप झाला, मग मिल उघडली ती यांना परत घेतलंच नाय. दोन वर्षं घरात बसून होते. म्हणजे नुसते बसून. मी सोळा वर्षांचा होतो. मी आणि आई रेशन आणायला गेलो होतो. आलो तर दार आतून लावलेलं. मी हाक मारणार होतो. आई म्हणाली, नको रे, निजले असतील. रात्री डोळ्याला डोळा लागत नाय त्यांच्या, जरा झोपू दे." दौलतने रुमालाची आणखी एक घडी घातली. "मग आम्ही गॅलरीत बसलो. मध्ये तांदळाची पिशवी. आई खुश होती, मॅडम. म्हणाली, आज किती दिवसांनी झोपलेत. आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो, त्यांची झोप मोडू नये म्हणून. शेवंतीकाकीचा नवरा फर्स्ट शिफ्टवरून आला. त्याने विचारलं, दार का लावलंय? आणि त्याने खांदा मारून तोडलं."

घड्या घातलेला रुमाल त्याने परत खिशात ठेवला.

"तू हार्टफेल म्हणाला होतास," पूर्वी म्हणाली.

"हो."

"ते खोटं होतं."

"हो, बाय."

"खोली हीच?"

"हीच. दुसरी कुठली आणू?"

पूर्वी बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. ती रडली नाही, बापाच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. कुणी अंगाला हात लावलेला तिला चालत नसे, आणि कुणाला लावणंही जमत नसे. वैदेही मॅडमच बोलल्या. "काका, तुम्ही आत नका थांबू. दार लागल्यावर तुम्ही बाहेर बसलात तर? तुम्ही दाराशीच आहात, एवढं तरी—"

"बाहेरच तर बसलो होतो, मॅडम," दौलत म्हणाला.

वैदेही मॅडमचा चेहरा उतरला. "सॉरी. माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग त्या म्हणाल्या की हे त्याने इतकी वर्षं एकट्याने वाहायला नको होतं, त्याने स्वतःसाठीसुद्धा यावं, वेगळ्या वेळेला. दौलतने मान डोलावली. ती कुठली मान होती हे तिघांनाही कळलं.

"बाबा," पूर्वीने एकदम विचारलं, "तुला मी दिसायला पाहिजे, की मी जिवंत आहे हे कळायला पाहिजे?"

"म्हणजे?"

"दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

दौलतने विचार केला. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "कळायला पाहिजे," तो शेवटी म्हणाला. "मी मधूनमधून एक हाक मारली तर? हळू. तू नुसतं हं म्हण."

"नको. हाक येणार हे माहीत असलं की मी हाकेचीच वाट बघत बसते. मग डोकं शांत होत नाही."

"मग तू आपली खोकत जा जरा."

"मला खोकला नाही."

वैदेही मॅडमना हसू आवरेना, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. दौलतला ते दिसलं आणि का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

"मी मरणार नाही," पूर्वी म्हणाली. "म्हणजे आत्ता नाही. मी दार लावते ते दुसऱ्या दिवशी लॅबला जाता यावं म्हणून. मी तुला सांगितलंय. मी खोटं बोलत नाही, तुला माहितीये."

हे मात्र खरं होतं. एवढ्या वर्षांत तिच्या खरं बोलण्याने त्याची जागोजागी शोभा झाली होती. आज प्रथमच त्याला ते धरून उभं राहण्यासारखं वाटलं.

सोमवारी दौलत सकाळच्या ड्यूटीवरून आला, आंघोळ केली, पडदा काढून घडी करून ठेवला. पूर्वी आली. पर्स कोनाड्यात गेली. दौलतने प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि गॅलरीत नेऊन दाराला लागून ठेवलं.

"लाव," तो म्हणाला.

पूर्वीने दार लोटलं. कडी सरकल्याचा आवाज आला. तो स्टुलावर बसला आणि समोर बघायला लागला. समोर आता टॉवर झाला होता, काचांचा. तिथली दारं, खिडक्या सगळं सदानकदा बंद आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. आपलीही चाळ पडून तसं होणार आहे म्हणतात. हल्ली मजल्यावर तोच विषय असायचा. दौलत त्या गप्पांत कधी पडत नसे.

"दौलत!" शेवंतीकाकी स्वतःच्या उंबऱ्यात उभी होती. "दार कित्याक लावलंस?"

"पूर्वी आत आसा, काकी."

"एकटी?"

"एकटीच."

"कडी?"

"आतसून."

काकी पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, पण चार ढांगांत दारापाशी आली. "उघड आधी. उघड म्हणतंय ना! ह्या खोलीक आतसून कडी? तुका अक्कल आसा काय?" तिने दारावर थाप मारायला हात उगारला आणि दौलतने तो मनगटाला धरला. जिने त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं, तिचा हात त्याने धरला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"नको काकी."

"सोड. दार माज्या घोवान मोडल्यान, पण तुज्या बापाशीक आधी मी बघितलंय. माका शिकवू नको."

"म्हायत आसा माका."

"मगे?"

तिच्या आवाजाने शेजारच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली होती. नळाशी कपडे पिळणारी एक बाई पिळताना थांबली. दौलतला हे सगळं दिसत होतं. ज्या मजल्यासमोर त्याने इतके महिने ताकास तूर लागू दिली नव्हती, तो अख्खा मजला कान देऊन उभा होता. आत पोरगी होती, तिलाही हे सगळं ऐकू जात असणार. तिला सगळंच ऐकू येतं.

"काकी, हळू बोल," तो म्हणाला. "ती क्लासाक जात नाय. दादराक नेतंय मी तिका, मानसशास्त्राच्या मॅडमकडे. पोट-बिट काय बिघडलेला नाय तिचा. संडासात जाऊन बसायची ती ह्याच्याचसाठी. तिका आवाज लागता. आपल्याक ऊन लागता ना, तसो. दिवसभर लागलो की मगे तासभर सावली व्हयी. बाकी काय एक नाय."

"येड?" काकीने अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"येड नाय. अशीच आसा ती. पहिल्यापासून."

कपडे पिळणारी बाई पुन्हा पिळायला लागली. डोकी आत गेली. उद्या सकाळपर्यंत हे तळमजल्यापर्यंत पोचेल, परवा हॉस्पिटलात, मग कुणीतरी पूर्वीसाठी आणलेलं एखादं स्थळ परत नेईल, आणि मामांच्या पोरीचं कळलं का म्हणून कॉरिडॉरमध्ये थांबून बोलेल. दौलतला सगळं लख्ख दिसत होतं. पण त्याला त्या वेळी दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती आणि ती याहून फार मोठी होती.

काकीने हात सोडवून घेतला. "माका नाय बघवत ह्या," ती म्हणाली. "माका अजून स्वप्नात येता, झिला. ता दार." ती आपल्या खोलीकडे गेली. आत मात्र गेली नाही. उंबऱ्यावरच बसली, पदर तोंडाशी धरून, नजर परबांच्या दारावर लावून. मालिकेची वेळ झाली होती, पण तिच्या खोलीतून आवाज आला नाही.

दौलतने आत कान दिला. काहीच नाही. पलंगाची करकर नाही, भांड्याचा आवाज नाही. तो उठला. दाराच्या फटीपाशी तोंड नेलं. पू, एवढं ओठांवर आलं. तो परत बसला. मग पुन्हा उठला, पुन्हा बसला. सोळा वर्षांचा तो पोरगा त्याच्या छातीत बसून एकच बोलत होता, हाक मार, हाक मार, एकदा तरी मार. त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरले. ती म्हणाली होती मरणार नाही. ती खोटं बोलत नाही. ती म्हणाली होती मरणार नाही.

जिन्यावर चपला वाजल्या. शेवंतीकाकीची नातसून अक्षता ऑफिसातून येत होती. लग्न होऊन या चाळीत आली त्याला वर्षही झालं नव्हतं, तिला जुनं काहीच ठाऊक नव्हतं. खांद्यावरची लॅपटॉपची बॅग सावरत ती त्याच्यापाशी थांबली. बंद दार बघितलं, घामाने भिजलेला शर्ट बघितला.

"अय्या मामा, चावी हरवली काय? मग असे बाहेर काय बसलाय, आमच्याकडे या ना. चहा टाकते."

"चावी आहे गं," दौलत हळू आवाजात म्हणाला. "पूर्वी आत आहे."

"पूर्वी आत आहे? मग तुम्ही बाहेर का?"

दौलतने सुचलं ते सांगून टाकलं. "ती आत आहे ना, म्हणून."

अक्षताला काही उमगलं नाही. ती कसनुसं हसली, उंबऱ्यावर बसलेल्या आजेसासूला ओलांडून आत गेली. टॉवरच्या काचांवरचं ऊन वरच्या मजल्यांकडे सरकलं. गॅलरीत एकेक दिवा लागत गेला. आतून काहीही आवाज येत नव्हता. दौलत बसून राहिला.